दापोलीचे पेन्शनर: गोपाळबाबा वलंगकर आणि पलटणीतून गावात आलेली चळवळ

१८९५ साली सरकारने महाड तालुका लोकल बोर्डावर एका निवृत्त हवालदाराला नेमले. नाव गोपाळबाबा वलंगकर, जात महार. बोर्डावरच्या उच्चवर्णीय सभासदांना ही नेमणूक झोंबली. रस्ते, धर्मशाळा, शाळा यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळात महाराच्या शेजारी बसायचे कसे, असा त्यांच्यापुढचा पेच होता. माणूस मात्र अनोळखी नव्हता. ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ ही पत्रे वाचणाऱ्यांना त्याचे नाव ठाऊक होते, आणि दापोली-महाड पट्ट्यातल्या महारवाड्यांत तर त्याचा शब्द चालत होता.

वलंगकरांची आठवण आज होते ती बहुधा यादीत. आधी जोतीराव फुले, पुढे डॉ. आंबेडकर, आणि मधल्या जागेत वलंगकर, शिवराम जानबा कांबळे, किसन फागू बनसोडे. यादी चुकीची नाही, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. वलंगकर एकटे उगवले नव्हते. त्यांच्या मागे पलटणीतून सुटून आलेल्या माणसांची एक पिढी उभी होती, आणि तिची मुळे शंभर-सव्वाशे वर्षे मागे जातात.

सावित्री नदीच्या मुखावरचा बाणकोट १७५६ साली इंग्रजांकडे आला. पेशवाई बुडण्याच्या साठ वर्षे आधीच कोकणाच्या या कोपऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा पाय रोवला गेला होता. कंपनीला शिपाई हवे होते आणि इथल्या महारांना गावाबाहेरची वाट हवी होती. जमीन खोताच्या ताब्यात. महाराच्या वाट्याला येसकरकी, निरोप पोचवणे, मेलेली ढोरे ओढणे आणि त्याबदल्यात मिळेल ते बलुते. पलटणीत रोख पगार होता, अंगावर चांगला कपडा होता, आणि गावात कोणी स्वप्नातही दिली नसती अशी बढतीची शक्यता होती. मुंबई इलाख्याची फौज बंगालच्या फौजेपेक्षा या बाबतीत वेगळी होती: तिथे उच्चवर्णीय शिपायांचा वरचष्मा, इथे एकाच तुकडीत मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायल (कोकणातले यहुदी) असे सगळे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगावला लढलेली तुकडी अशाच मिश्र फौजेतली. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांपैकी २२ नावांना ‘नाक’ हा शेवट आहे. तो त्या काळच्या महारांच्या नावाला हमखास असे.

लढायांची आठवण स्तंभामुळे राहिली. माझ्या मते मात्र पलटणीने या समाजाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट लढाईच्या मैदानावरची नाही. ती छावणीतल्या शाळेत मिळाली. शिपायांच्या मुलांना शिकवण्यासाठी पलटणीच्या शाळा असत आणि त्यांत मुलीही बसत. गावच्या शाळेची स्थिती याच्या नेमकी उलट होती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलाला घेतले तर बाकीचे शाळा सोडून जातील, असे त्यामागचे गणित होते. म्हणजे त्याच सरकारच्या छावणीत महाराचे पोर पाटी घेऊन बसत होते, आणि छावणीच्या फाटकाबाहेर त्याच सरकारची शाळा त्याला बंद होती.

रामजी मालोजी सकपाळ हे या छावणीच्या शाळेचे ठळक उदाहरण. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी पलटणीत, सासरे मुरबाडकर सुभेदार-मेजर. स्वतः रामजी शिकून शिक्षक झाले, महूच्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि सुभेदाराच्या हुद्द्यावर निवृत्त झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी महूला भीमरावांचा जन्म झाला. हे कुटुंब अपवाद वाटते खरे, पण कोकणातल्या त्या पट्ट्यात दोन-दोन, तीन-तीन पिढ्या पलटणीत घातलेली घरे बरीच होती.

वलंगकर रामजींपेक्षा थोडे वडील. जन्म १८४०च्या सुमारास, महाडजवळच्या रावढळ गावचा. हुद्दा हवालदार, म्हणजे सुभेदार-जमादारांसारखा अधिकारी नव्हे, पण हाताखाली माणसे असलेला. १८८६ साली ते पलटणीतून सुटले आणि दापोलीला राहिले. दापोलीच का, याला कारण आहे. हे गाव मुळात इंग्रजांच्या छावणीचे. कॅम्प दापोली हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. हवा थंड, समुद्र जवळ, आणि आजूबाजूच्या गावांतून पलटणीत गेलेल्या माणसांची सुटल्यावर राहण्याची ही नेहमीची जागा. रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ इथेच होते.

आता एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पेन्शन सरकारी तिजोरीतून येते. ती खोत बंद करू शकत नाही, पाटील अडवू शकत नाही, गावकी वाळीत टाकून तोडू शकत नाही. बलुत्यावर जगणाऱ्या महाराने तोंड उघडले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरची चूल थंड. पेन्शनराला ती भीती नाही. शिवाय त्याला अक्षरओळख आहे, आणि साहेबाकडे दाद मागायची तर अर्ज कसा लिहायचा हे पलटणीत वर्षानुवर्षे पाहून त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. महार समाजातल्या पहिल्या सार्वजनिक कार्यकर्त्यांत इतके निवृत्त शिपाई का, याचे उत्तर शौर्याच्या गोष्टींपेक्षा या महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या पैशांत जास्त सापडते.

दापोलीतले शाळेचे प्रकरण यातलेच. १८९२च्या सुमारास तिथल्या महार पेन्शनरांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज केला. ही मुले कोणाची? ज्यांनी स्वतः छावणीच्या शाळेत पाटी धरली होती, त्यांची. विरोध झाला, वाद वर गेला. अखेर मुलांना आत घेतले ते व्हरांड्यापर्यंत. वर्गात इतर मुले, व्हरांड्यात ही. प्रवेश दिला असे कागदावर म्हणता येत होते आणि विटाळही पाळला जात होता. सरकार आणि सवर्ण पालक या दोघांनाही चालेल अशी ही तडजोड पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रभर चालू राहिली.

वलंगकरांनी या सगळ्याला लेखणीची जोड दिली. फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर गाढ परिणाम होता. दापोलीत आल्यावर त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली. अस्पृश्यांनी स्वतः चालवलेल्या आरंभीच्या संस्थांपैकी ही एक. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक छापून आले. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात २६ प्रश्न आहेत आणि ते उच्चवर्णीयांना विचारलेले आहेत. भाषा याचकाची, नम्र, हात जोडून उभी. प्रश्न मात्र असे की उत्तर देणाऱ्याची त्रेधा उडावी. विटाळ आला कुठून, त्याला शास्त्राचा आधार काय, तो मानणाऱ्यांच्या स्वतःच्या आचारात मेळ कुठे आहे, अशी ही सरबत्ती. मला यात जुना हवालदार दिसतो: वरच्याला सलाम ठोकून, अदबीने, पण चौकशी पूर्ण केल्याशिवाय न हलणारा.

याच सुमारास पलटणीचा दरवाजा बंद होऊ लागला. १८५७नंतर इंग्रजांनी फौजेची फेरमांडणी सुरू केली होती. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्‌सचे मत असे की उत्तरेकडच्या काही जातीच खऱ्या लढवय्या आहेत आणि दक्षिणेकडचा शिपाई लांबलेल्या शांततेने मऊ पडला आहे. पुढे जातवार पलटणी बांधण्याचे धोरण आले. जातवार रचनेत इतर जातींचे शिपाई महारांबरोबर राहायला नाखूश, आणि स्वतंत्र महार पलटण उभारायची सरकारची तयारी नाही. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली. १८९५ साली इलाख्यांच्या वेगळ्या फौजाही संपल्या. ज्या समाजाच्या शिपायांच्या बळावर कंपनीने मुंबई इलाखा जिंकला, त्याला ‘लढवय्या नाही’ असा शिक्का मारून घरी पाठवले गेले. इंग्रज न्यायी असतो असे मानणाऱ्या पेन्शनरांना हा मोठाच धक्का होता.

१८९४ साली वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी यासाठी विनंतीअर्ज तयार केला. रामजी सकपाळांनीही याच प्रश्नावर धडपड केली आणि न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. वलंगकरांच्या अर्जात आजवरच्या चाकरीची आठवण आहे, आणि त्याबरोबर आपण मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात पोटासाठी मिळेल ते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेलो, असा दावाही आहे. इथे वाचक अडखळतो. संस्थेच्या नावात ‘अनार्य’ आणि अर्जात ‘क्षत्रिय’, हे कसे? फुल्यांचा इतिहास समोर ठेवला तर ही गाठ बरीचशी सुटते. त्यांच्या मांडणीत या भूमीचे मूळ रहिवासीच क्षत्रिय होते, आक्रमक आर्यांशी झुंजले म्हणून दडपले गेले, आणि त्यांत सर्वांत चिवट झुंज दिली म्हणून महारांना सर्वांत कठोर शिक्षा झाली. तरीही अर्जाचा सूर मवाळ आहे हे नाकारता येत नाही. सरकारला जो युक्तिवाद पटेल तो पुढे करायचा, असा त्यात हिशेब दिसतो. इंग्रजांच्या चाकरीचा अभिमान हा या चळवळीचा दुबळा भाग आहे, असे म्हणणारे आहेत. त्या माणसांपुढे दुसरा कोणता दरवाजा होता, हे त्यांनी सांगायला हवे.

भरती काही सुरू झाली नाही. लोकल बोर्डावरची नेमणूक पुढच्याच वर्षीची. १९०० साली वलंगकर वारले.

पुढची हालचाल कोकणातून घाटावर गेली. पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली आणि सरकारकडे अर्ज धाडला. १९०८पासून त्यांचे ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र निघू लागले. १९१० साली थेट लंडनमधल्या भारतमंत्र्यांकडे दुसरा अर्ज गेला. मागण्यांत लष्कर आणि पोलिसांतली नोकरी होतीच. कांबळे स्वतः शिपाई नव्हते, तरी त्यांच्या अर्जांचा साचा दापोलीच्या पेन्शनरांचाच. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महार आठवले: १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडलीही.

दरम्यान भरतीबंदीचा खरा फटका घरांना बसत होता. पलटण गेली म्हणजे पगार गेला, छावणीची शाळा गेली, आणि वीस वर्षांनी पेन्शनरांची नवी पिढी तयार व्हायची तीही गेली. बापाला वाचता येते आणि मुलाला येत नाही, अशी उलटी पायरी काही घरांत आली. महाडजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला होता. पुढे याच मोऱ्यांनी १९२७च्या महाड परिषदेच्या तयारीत पुढाकार घेतला.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या त्या परिषदेची आठवण चवदार तळ्याच्या पाण्यामुळे राहिली, आणि ते योग्यच आहे. पण अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी दापोलीचा विषय काढला होता. एके काळी हा मुलूख आपल्या समाजाच्या शिकलेल्या, हुद्द्यावर चढलेल्या माणसांनी गजबजलेला होता, शिक्षणात आपण पुढारलेल्या जाती वगळता इतरांच्या पुढे होतो, याची त्यांनी आठवण करून दिली, आणि लष्करभरती बंद झाल्याने काय हातचे गेले हे सांगितले. श्रोत्यांत जुने पेन्शनर होतेच. समाजासाठी काम करण्याचे आवाहन त्यांनाही होते. सुभेदाराचा मुलगा त्यांच्याशी बोलत होता, त्यामुळे त्यात भाबडे कौतुक नव्हते. सगळेच पेन्शनर वलंगकर झाले नव्हते. कित्येकांनी पेन्शन घेतली, पदके पेटीत ठेवली आणि उरलेले आयुष्य गुमान काढले.

वलंगकरांनी १८९४ साली मागितलेली गोष्ट प्रत्यक्षात आली ती १९४१मध्ये. दुसरे महायुद्ध चालू होते आणि आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. ही रेजिमेंट आजही भारतीय लष्करात आहे आणि तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे.