पेल्यातली गुंगी आणि लघवीचा पहिला नमुना

फ्रान्समधल्या जिझेल पेलिको यांना कित्येक वर्षं एकच भीती खात होती: आपल्याला अल्झायमर झालाय, नाहीतर मेंदूत गाठ तरी आहे. तासचे तास आठवणीतून गळून जायचे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मेंदूत काही सापडेना. सापडणार तरी कसं? नवराच त्यांच्या खाण्यापिण्यात लोराझेपाम मिसळत होता. त्या बेशुद्ध असताना तो स्वतः अत्याचार करायचा आणि इतर पुरुषांनाही घरी बोलवायचा. २०११ ते २०२० अशी जवळजवळ दहा वर्षं हे चाललं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं त्याला वीस वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच्याबरोबरचे आणखी पन्नास जण दोषी ठरले.

या प्रकरणात ना क्लब आहे, ना बार, ना चोरट्या मार्गानं आणलेलं एखादं रसायन. लोराझेपाम हे चिंता कमी करण्यासाठी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, असं साधं औषध. 'पेयात कुणी काही मिसळलं तर' म्हटल्यावर आपल्याला गर्दीतला अनोळखी हात दिसतो. पण असे गुन्हे करणारा पुष्कळदा ओळखीचा असतो: मित्र, सहकारी, जोडीदार, नातलग. औषधंही बहुतेक घरच्या कपाटात सापडतील अशीच असतात, म्हणजे झोपेच्या गोळ्या, चिंतेवरच्या गोळ्या, काही ॲलर्जीविरोधी औषधं. केटामाइन (भूल देण्याचं एक औषध) आणि जीएचबी (गुंगी आणणारं एक रसायन) यांची नावं जास्त गाजतात, इतकंच.

या सगळ्यांत भयंकर काय, तर शुद्ध हरपण्याच्या कितीतरी आधी आठवण थांबते. एंडोस्कोपीच्या आधी रुग्णाला बऱ्याचदा मिडाझोलाम देतात. तेही लोराझेपामच्याच, म्हणजे बेंझोडायझेपिन गटातलं. रुग्ण जागा असतो, 'कुशीवर वळा' म्हटलं की वळतो, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देतो. अर्ध्या तासानं तोच विचारतो, "डॉक्टर, सुरू कधी करणार?" तपासणी केव्हाच उरकलेली असते. दरबार भरलेला आहे, बोलणी चालली आहेत, पण नोंद ठेवणारा चिटणीस पेंगतोय, असा हा प्रकार.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन चेतापेशींना शांत करण्याचं काम करतं. ते पेशीवरच्या एका दाराला चिकटलं की दार उघडतं, क्लोराइडचे आयन आत शिरतात आणि पेशी संदेश पाठवायला नाखूश होते. बेंझोडायझेपिनमुळे हे दार वारंवार उघडतं. नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, यानं लवकर गारद होतो; चालणं, बोलणं, हसणं मात्र काही काळ चालू राहतं. जुन्या आठवणी शाबूत असतात, औषध घेतल्यानंतरच्या तेवढ्या तयार होत नाहीत. केटामाइन वेगळ्या वाटेनं जातं. ते एनएमडीए हे दुसरंच दार बंद करतं, आणि आठवण पक्की व्हायला तेच दार लागतं. केटामाइनच्या अमलाखाली शरीर आपलं नाहीच असं वाटतं, हात उचलायचा म्हटला तरी उचलत नाही.

म्हणूनच 'ती तर चालत गेली, बोलत होती, हसत होती' या साक्षीवरून संमती होती की नव्हती हे ठरत नाही. आणि पीडितेला नीट सांगता येत नाही, तपशील तुटक आहेत, म्हणून ती खोटं बोलतेय असंही होत नाही. उलट, सलग आणि नेटकी हकीकत आठवणंच अशा वेळी अवघड. हे पुरुषांच्याही बाबतीत घडतं, आणि ते तर तक्रार करायला आणखीनच कचरतात.

आता दारूबद्दल. अशा गुन्ह्यांत सगळ्यात जास्त सापडणारं गुंगीचं द्रव्य म्हणजे दारूच. इंग्लंड आणि वेल्समधल्या १०१४ प्रकरणांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४६ टक्के नमुन्यांत दारू सापडली. व्यक्तीनं स्वतः घेतलेलं नाही आणि कुणीतरी गुपचूप दिलं असावं, असं गुंगीचं औषध मात्र सुमारे २ टक्क्यांतच आढळलं. हा आकडा दाखवून 'हे सगळं बागुलबुवाच आहे' असं म्हणणारे भेटतात. त्यांची दोन ठिकाणी गफलत होते. एक तर नमुना उशिरा घेतला की औषध शरीरातून निघून गेलेलं असतं. दुसरं म्हणजे सरबतात न सांगता व्होडका घालणं किंवा एक पेग मागितला असताना तीन ओतणं हीसुद्धा भेसळच. आणि दारू पीडितेनं स्वतःहून घेतली असली, तरी शुद्धीत नसलेल्या माणसाला संमती देता येत नाही.

दारूही गाबाचंच काम वाढवते. त्यामुळे दारू आणि झोपेचं औषध एकत्र आलं की परिणाम नुसत्या बेरजेवर थांबत नाही, श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. नुसत्या दारूनंही आठवण कोरी होऊ शकते, विशेषतः रक्तातलं प्रमाण झपाट्यानं चढलं तर. म्हणून 'मला काही आठवत नाही' एवढ्यावरून औषध होतं असं सिद्ध होत नाही. खूण वेगळी आहे: जेवढं प्यायलो आणि जे झालं त्याचा मेळ बसत नाही. एका ग्लासात पाय लटपटणं, पंधरा-वीस मिनिटांत जीभ जड होणं, नुसतं सरबत पिऊन गरगरणं.

असं वाटलं, तर त्याच क्षणी भरवशाच्या माणसाला सांगा. 'थोडं बसून बघते, बरं वाटेल' यात जातो तोच वेळ सर्वांत मोलाचा, कारण काही मिनिटांनी सांगण्याइतकी शुद्ध राहीलच असं नाही. माझ्या मते सोबतच्यांची नजर हेच सर्वांत भरवशाचं संरक्षण. बंद बाटली आपण स्वतः उघडावी, ग्लास सोडून जाऊ नये, हे ठीकच. पण पेलिको यांनी स्वतःच्या घरातलं जेवण कुठवर राखायचं होतं? झोकांड्या खाणाऱ्या कुणाला कोणी 'मी घरी सोडतो' म्हणत बाहेर नेत असेल, तर पुढे होऊन त्या व्यक्तीला नावानं हाक मारा, सोबत कोण आहे ते विचारा. प्रश्न आगाऊ वाटेल, वाटू दे.

पेय तपासणाऱ्या पट्ट्यांवर फार विसंबू नका. त्या मोजकीच औषधं ओळखतात, पेयाच्या रंगानं किंवा आंबटपणानं चकतात, आणि दारूवर दारू घातली असेल तर त्यांना काहीच कळत नाही. फ्लुनिट्राझेपाम या झोपेच्या औषधाच्या मूळ गोळीत कंपनीनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस निळा रंग घातला, म्हणजे पेयात ती दिसून येईल. पण गडद पेयात निळा रंग कोणाला दिसणार?

कोणी बेशुद्ध होत असेल तर 'झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत' म्हणून खोलीत एकटं सोडू नका. कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली राहील असं बघा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. श्वासाकडे लक्ष ठेवा. तो संथ, अडखळत किंवा घरघरत असेल, ओठ निळसर पडत असतील, हाक मारून जाग येत नसेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. कॉफी पाजणं, थंड पाण्यानं अंघोळ घालणं, बोटं घालून उलटी करवणं यांतलं काहीही करू नका.

यापुढचा सगळा खेळ वेळेचा. जीएचबीचं रक्तातलं प्रमाण साधारण पाऊण तासात निम्म्यावर येतं. सहा तासांत ते आठ वेळा निम्मं होतं, म्हणजे सुरुवातीच्या अडीचशेव्या हिश्शाच्या आसपास. रक्तात ते सहा-आठ तासच सापडतं, लघवीत फार तर बारा. त्यातही गोम अशी की जीएचबी आपलं शरीर स्वतःही अगदी थोडं तयार करतं. त्यामुळे लघवीत लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तरच प्रयोगशाळा ते बाहेरून आल्याचं सहसा मानते. रात्री अकराला घडलं, सकाळी नऊला जाग आली, लघवी केली, अंघोळ केली, मन घट्ट करून दुपारी रुग्णालय गाठलं, तोवर पुरावा संपलेला.

म्हणून जमलं तर रुग्णालयात पोचेपर्यंत लघवी रोखा. रोखता येत नसेल तर पहिली लघवी स्वच्छ, झाकणाच्या बाटलीत धरा, वेळ लिहा, थंड जागी ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण रक्तातून गेलेलं औषध या पहिल्या नमुन्यात बऱ्याचदा सापडतं. अंघोळ करायची घाई करू नका. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत घाला. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि पुरावा कुजतो. उरलेलं पेय, ग्लास, बाटलीही ठेवा. डॉक्टरांना गुंगीच्या औषधाचा संशय आहे असं स्पष्ट सांगा, कारण रुग्णालयाच्या नेहमीच्या औषध-तपासणीत जीएचबी, केटामाइन बऱ्याचदा धरलेलं नसतं. तसली चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणजे काही नव्हतंच, असं समजू नये.

बारा तास उलटले तरी जायचं थांबू नका. बेंझोडायझेपिन गटातल्या बऱ्याच औषधांचे अंश लघवीत काही दिवस टिकतात. इतर कारणांसाठीही वेळ असतो: एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकी उपयोगी, गर्भधारणा रोखणारी आपत्कालीन गोळी प्रकारानुसार तीन ते पाच दिवसांपर्यंत चालते. आणि सगळंच उशिरा लक्षात आलं, तर केस उरतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातल्या औषधाचा अंश धरून ठेवतो. घटनेनंतर सुमारे महिनाभरानं मुळापासून कापलेल्या बटेचे तुकडे करून तपासले, तर एकदाच दिलेलं औषधही कधी कधी सापडतं आणि ते साधारण कोणत्या काळात पोटात गेलं याचा अंदाजही बांधता येतो. तोवर केस रंगवू नयेत, ब्लीच करू नयेत, बारीक कापू नयेत.