दाराला कुलूप, यादीत नाव: सात नंबरचा फॉर्म आला तर काय करायचं

गेल्या पावसाळ्यात मालवण तालुक्यातल्या आमच्या वाडीत एका बंद घराच्या दारावर कागद डकवलेला दिसला. झडीने भिजून खालची शाई पसरली होती. वरचं ‘नमुना १४’ (म्हणजे तुमच्या नावावर हरकत आल्याची नोटीस) आणि सुनावणीची तारीख तेवढी लागत होती. घर आमच्या काकींचं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्या चार महिने डोंबिवलीला लेकीकडे होत्या. तेवढ्यात कुणीतरी ‘ह्या कायमच्या स्थलांतरित’ म्हणून त्यांचं नाव मतदार यादीतून काढायचा अर्ज ठोकला होता. फोन केला तर म्हणाल्या, “मी हंयचीच, जातलंय खंय?” सुनावणीला तीन दिवस उरले होते.

निवडणुकीत ढवळाढवळ म्हटलं की आपल्याला मतदान यंत्रं आणि स्ट्राँगरूम आठवते. आपल्या कोकणात कच्चा दुवा त्याच्या कितीतरी अलीकडे आहे: गणपती आणि शिमग्यालाच उघडणारी घरं. त्यांच्यासाठी कायद्यात सोय आहे, पण ती नोटिशीला उत्तर देणाऱ्याच्याच कामी येते.

कायदा म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० आणि त्याखालचे मतदार नोंदणी नियम, १९६०. यादीत नाव असायला वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारण रहिवास’ लागतो. कलम २० इथे दोन्ही बाजूंनी बोलतं. तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही, म्हणजे दवाखान्यासाठी मुंबईला गेलेली काकी किंवा बोटीवर आठवडाभर समुद्रात असलेला खलाशी सुरक्षित. पण गावात नुसतं घर मालकीचं आहे म्हणूनही कुणी रहिवासी ठरत नाही. बारा महिने विरारला राहणाऱ्या आणि तिथल्या यादीतही नाव असलेल्या चाकरमान्याला हे कडू लागेल. कलम १७ प्रमाणे नाव एकाच मतदारसंघात ठेवता येतं, आणि अशा दुहेरी नावावर कुणी हरकत घेतली तर ती बहुधा टिकते. आखातात नोकरीला असलेल्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी नमुना ६अ आहे. त्यात पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नोंद होते.

हरकत घ्यायला नमुना ७ लागतो. तो त्याच मतदारसंघाच्या यादीत ज्याचं नाव आहे त्यालाच भरता येतो. अर्जदाराला स्वतःचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, ज्याच्यावर हरकत त्याचा तपशील आणि कारण द्यावं लागतं. मृत्यू, अपुरं वय, स्थलांतर, दुबार नोंद, भारतीय नागरिक नसणं ही त्यातली कारणं. खाली प्रतिज्ञा असते. ती खोटी निघाली तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे म्हणजे बीएलओकडे, नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा ऑनलाईन देता येतो. एकाच माणसाने गठ्ठाभर फॉर्म आणून टाकले तर ते घ्यायचे नसतात. राजकीय पक्षांच्या केंद्रस्तरीय प्रतिनिधींना थोडी सूट आहे, तीही मर्यादेत.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला आळंद मतदारसंघ बघा. २०२३ च्या विधानसभेआधी तिथे नावं काढण्यासाठी ६,०१८ ऑनलाईन अर्ज आले. पडताळणीत खरे निघाले २४. ज्यांच्या नावाने अर्ज झाले त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. हे उघडकीला आलं, कारण एका बीएलओला यादीत स्वतःच्या नातेवाइकाचं नाव दिसलं आणि तिने चौकशी केली. यंत्रणेपेक्षा नात्यागोत्याची ओळख कामी आली. वाडीतही असंच असतं.

आता नोटीस आली तर काय? पहिली गोष्ट म्हणजे घाबरून नवा फॉर्म भरू नका. नाव अजून यादीत आहे. राहत नाही किंवा पात्र नाही या कारणावरून नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची वाजवी संधी देणं कलम २२ प्रमाणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. आणि हरकत खरी आहे हे दाखवायचं काम आधी हरकत घेणाऱ्याचं.

तरी कागद घेऊन जा. काकी ठाण्याहून कोकणकन्येत बसून कुडाळला उतरल्या आणि पिशवीत हे होतं: आधार, मतदार ओळखपत्र, घरच्या वीजबिलांचा जुडगा, गावच्या बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती आणि दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. शेवटचा कागद सगळ्यात मोलाचा ठरला, कारण त्यावर तारखा होत्या. का गेले, कधी गेले, परत कधी येणार, हे दाखवणारा कागद सातबाऱ्यापेक्षा भारी. सातबारा मालकी सांगतो, वस्ती सांगत नाही. हरकत घेणारा मात्र आलाच नाही. अर्ज फेटाळला गेला, लेखी आदेशाची प्रत मागून घेतली. ती मागाच, तोंडी “झालं तुमचं” यावर विसंबू नका.

नोटीस पोचलीच नाही आणि नाव उडालं, तर दोन वाटा आहेत. आदेशाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथे नाही पटलं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. दिवाणी कोर्टात दावा चालत नाही, कलम ३० ने तो दरवाजा बंद केलाय. दुसरी वाट म्हणजे नमुना ६ भरून नव्याने नोंद. रहिवासाला आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, किमान वर्षभराचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, महसुली जमीन नोंद, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यांतलं एक चालतं. निवडणूक तोंडावर असेल तर घाई करा: उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या मतदारसंघाच्या यादीत ना नाव घालता येतं, ना काढता येतं.

नोटिशीची वाट बघत बसण्यापेक्षा चांगला उपाय आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. आलेल्या हरकतींची यादी ‘नमुना १०’ म्हणून नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावतात, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरही टाकतात. यादीचं पुनरीक्षण म्हणजे फेरतपासणी चालू असताना वाडीतल्या एका पोराने आठवड्यातून एकदा ती उघडून बघितली तरी अर्धं काम होतं. पुनरीक्षण नसताना अर्ज आला असेल तर तो यादीत लावल्यापासून आक्षेपाला सातच दिवस मिळतात.

कर्मचाऱ्यांनाही कायद्याचं कवच आहे आणि चाबूकही. यादीच्या कामावरचे अधिकारी कलम १३सीसी प्रमाणे त्या काळात निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर समजले जातात, शिस्तही आयोगाची. त्यामुळे ‘साहेब, अमुक नावं उडवा’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याला नाही म्हणता येतं. वाजवी कारणाशिवाय कर्तव्यात कसूर केली तर कलम ३२ खाली तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. पण त्याचा खटला आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या अधिकाराने तक्रार झाली तरच उभा राहतो. तुमच्या हातात लेखी तक्रार आणि तिची पोच. माझ्या मते इथे कायदा जरा हात आखडतो.

मतदानानंतरच्या नोंदींबद्दल थोडक्यात. केंद्रावर किती मतं पडली याचा हिशेब नमुना १७सी मध्ये असतो आणि त्याची प्रत मतदान प्रतिनिधीला मिळते; ती जपून ठेवायची. शिक्का केलेली पाकिटं कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाहीत. निकालाला कोर्टात आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस आहे, आणि याचिका नसेल तर सीसीटीव्हीचं चित्रीकरणही ४५ दिवसांनंतर नष्ट करायचं, अशी आयोगाची मे २०२५ ची सूचना आहे.

एक गल्लत नेहमी होते. ग्रामपंचायत, नगरपंचायत, जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेचीच वापरतो, फक्त प्रभागांत फोडून. तिथल्या हरकतीत प्रभाग चुकला, लेखनिकाची चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीतलं नाव गळलं, एवढंच दुरुस्त होतं. नवं नाव घालायला परत बीएलओकडेच जावं लागतं, आणि आमच्याकडे बीएलओ बहुतेक वेळा शाळेत सापडतात, सकाळच्या घंटेआधी.