फिल्म शाबूत, वीज गायब

‘तांब्याच्या तारांऐवजी आता प्लास्टिक’ असा मथळा दिसला की मी आकडे शोधतो. तांब्याची विद्युतवाहकता सेंटीमीटरला सुमारे 6 लाख सीमेन्स (वाहकता मोजायचं एकक), आणि पॉलिॲनिलिन या लाडक्या वाहक प्लास्टिकची साधारण 1 ते 10. तार विसरा. स्थिर विद्युत जिरवणारं पातळ आवरण म्हणून मात्र ते उत्तम.

खरी गंमत आम्लाची आहे. पॉलिॲनिलिनची साखळी म्हणजे बेंझिनची कडी आणि त्यांना जोडणारे नायट्रोजन. निळ्या, वीज न वाहणाऱ्या रूपात यातल्या निम्म्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की त्याचा प्रोटॉन तिथे बसतो. बाहेरून एकही इलेक्ट्रॉन न येता साखळीतले इलेक्ट्रॉन नव्याने मांडले जातात, धनभारासोबत एकेकटे इलेक्ट्रॉन तयार होतात, म्हणजेच पोलॅरॉन, आणि हा भार साखळीवरून सरकू लागतो. क्लोराइडचा ऋणभार शेजारी बसून हिशेब जुळवतो. निळ्याचं हिरवं होतं आणि वाहकता अब्जावधी पटींनी वाढते!

नुसतं पॉलिॲनिलिन ठिसूळ, म्हणून ते पीव्हीए किंवा पीएमएमए अशा साध्या, वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळून फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, ओततात. ओढ्यातले दगड पुरेसे जवळ असले तरच पलीकडे जाता येतं, तसे वाहक कण एकमेकांना भिडले तरच वीज वाहते. गोल कणांना त्यासाठी आकारमानाच्या सुमारे 16 टक्के जागा लागते. बारीक धाग्यांचं जाळं जमलं तर 1 टक्क्याहूनही कमी पुरतं.

आता उष्णता. नमुना तापवत त्याचं वजन मोजलं, तर आधी 100 अंशांच्या आसपास ओलावा जातो, मग आम्ल, आणि साखळी तुटते ती फार नंतर. म्हणून अशा वजनाच्या आलेखावरून केलेला ‘300 अंशांपर्यंत स्थिर’ हा दावा मला फसवा वाटतो. हायड्रोक्लोरिक आम्ल चिमुकलं, वायू होऊन निसटणारं. ते गेलं की हिरवा रंग निळ्याकडे झुकतो. फिल्म जागेवर, वीज नाही. त्यात पीएमएमए 105 अंशांच्या सुमारास मऊ पडतो आणि जाळंही हलू शकतं. कॅम्फर सल्फोनिक किंवा डोडेसिलबेंझिन सल्फोनिक आम्लाचे रेणू अवजड, सहजासहजी उडून न जाणारे, त्यामुळे तिथे वाहकता जास्त टिकते.



वजनाच्या आलेखाऐवजी ठराविक तापमानाला तासन्‌तास ठेवलेल्या फिल्मचा रोध मागावा. आम्ल नुसतं उडालं असेल तर फिल्म पुन्हा आम्लात बुडवून बरीचशी वाहकता परत मिळवता येते. जास्त तापून शेजारच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेल्या असतील, तर तेही जमत नाही.