नाव बदलल्याने फाइलचा साचा बदलत नाही

‘वर्डची नवी फाइल जुन्या संगणकावर उघडत नसेल, तर नावाच्या शेवटी असलेल्या ‘.docx’मधला (डॉक्स) एक्स खोडून ‘.doc’ (डॉक) करावे’, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. विदर्भातील एखाद्या खेड्यात झेरॉक्सच्या दुकानातील वर्ड २००३ वर पीक नुकसानीचा अर्ज उघडताच चौकोन आणि अगम्य चिन्हे दिसतात, तेव्हा हा उपाय करून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु नाव ही केवळ पोत्यावरची चिठ्ठी आहे; तुरीच्या पोत्यावर ‘हरभरा’ लिहिल्याने आतली तूर बदलत नाही. वर्ड २००७ पासून आलेली डॉक्स फाइल ही एक्सएमएल, म्हणजे खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या अनेक छोट्या फाइली एकत्र बांधलेली झिप, म्हणजे दाबून बांधलेले गाठोडे असते, तर जुनी डॉक फाइल पूर्णतः वेगळ्या, बायनरी (माणसाला थेट वाचता न येणाऱ्या) साच्याची असते. गैरसमज टिकण्याचे कारण असे, की नवे वर्ड आतला मजकूर ओळखून नाव बदललेली फाइलही उघडते.

पडताळणीसाठी डॉक्स फाइलची प्रत काढून नावाच्या शेवटी ‘.docx’ऐवजी ‘.zip’ लिहावे. उघडल्यावर आत ‘word’ नावाचा फोल्डर दिसेल. अर्ज पाठवणाऱ्याने ‘सेव्ह ॲज’मधून ‘वर्ड ९७-२००३’ हा प्रकार निवडावा, अथवा दुकानदाराने डॉक्स उघडू शकणारे, मोफत मिळणारे लिब्रेऑफिस हे वर्डसारखे सॉफ्टवेअर वापरावे.