माईक घेण्याआधी: घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्या हौशी गायकांसाठी माहितीपत्रक

‘कुठला माईक घेऊ?’ या प्रश्नाला आमच्या दुकानात आम्ही लगेच उत्तर देत नाही. रेकॉर्डिंग कसं येणार हे ठरवणाऱ्या दोन गोष्टी खोक्यात मिळत नाहीत: गाताना तोंड आणि माईक यांच्यात राहणारं अंतर, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे काय आहे ते. या दोन गोष्टी आधी ठरल्या, की कमी खर्चातला माईक निवडणं सोपं जातं. त्या न ठरवता महागडा माईक आणला, तर खोलीचा घुमाराच अधिक स्पष्ट रेकॉर्ड होतो.

आधी खोली

खोलीत उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागोमाग ‘टर्रर्र’ अशी पत्र्यासारखी शेपटी ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आहे. हाच आवाज पुढे प्रत्येक शब्दामागे बसतो. कोरड्या रेकॉर्डिंगमध्ये घुमारा नंतर हवा तेवढा घालता येतो, पण खोलीचा आलेला घुमारा कुठल्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ निघत नाही.

घरगुती वापराचे बहुतेक माईक कार्डिऑइड असतात. समोरचं ते सर्वांत जास्त ऐकतात, बाजूचं कमी, आणि पाठीमागचं फारच कमी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे माईकच्या पाठीमागच्या भिंतीवर फोम लावणं. माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं. त्याला ‘दिसते’ ती गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. जाड कापड हवं ते तिथे. कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडायचं आणि त्याच्याकडे पाठ करून गायचं, हा बिनखर्चाचा आणि खरोखर चांगला उपाय आहे. कपाट सोयीचं नसेल तर जाड रजई किंवा दुहेरी केलेलं ब्लँकेट भिंतीपासून १० सेंमी पुढे टांगा. भिंतीला चिकटवलेली रजई तेवढं काम करत नाही. भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते, आणि कापड आवाज शोषतं ते त्या हालचालीतूनच.

अडीच सेंमी जाडीचा खवलेदार फोम आम्ही सुचवत नाही. सच्छिद्र वस्तूची जाडी आवाजाच्या तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी असेल, तर ती तो आवाज नीट शोषते. अडीच सेंमीसाठी हे गणित ३,४०० हर्ट्झच्या आसपास बसतं. रेकॉर्डिंग डब्यात गायल्यासारखं लागतं ते मुख्यतः २०० ते ५०० हर्ट्झमुळे, आणि तिथे हा फोम जवळजवळ काहीच करत नाही. वरचा उजाळा जातो, डबा तसाच राहतो.

खोलीच्या कोपऱ्यात किंवा अगदी मधोमध उभं राहू नका. पंखा बंद ठेवा, आणि फ्रिज भिंतीपलीकडे असेल तर तो थांबेपर्यंत वाट पाहा.

अंतर: चार बोटं की वीतभर

माईकपासूनचं अंतर दुप्पट केलं, की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. चार बोटांवरून, म्हणजे साधारण साडेसात सेंमीवरून, वीतभर म्हणजे २० सेंमीवर गेलात, तर थेट आवाज आणि घुमारा यांच्यातला फरक सुमारे ८ डेसिबलने घटतो. कान हा फरक लगेच ओळखतो.

मग चिकटूनच का गाऊ नये? कार्डिऑइड माईकजवळ तोंड नेलं की खालचे स्वर फुगतात. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. थोडा असला तर आवाजाला भरदारपणा येतो, जास्त झाला तर शब्द गुरगुरतात. शिवाय इतक्या जवळून डोकं दोन बोटं हललं तरी आवाजाचा पोत बदलतो, आणि एकाच गाण्याच्या दोन ओळी दोन दिवशी रेकॉर्ड केल्यासारख्या वाटतात. खोली साधी असेल तर ८ ते १२ सेंमीवर गा आणि इंटरफेसवर (माईक संगणकाला जोडणाऱ्या डब्यावर) किंवा सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्झचा हायपास फिल्टर (त्याखालचे स्वर कापणारा) लावा. खोली चांगली शांत केली असेल तर १५ ते २० सेंमी.

डायनॅमिक की कंडेन्सर

माईकच्या या दोन मुख्य जाती: डायनॅमिक सहसा बाहेरच्या विजेशिवाय चालतो, कंडेन्सरला वीज पुरवावी लागते. ‘डायनॅमिक माईक खोलीचा आवाज घेत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. ते तसं खरं नाही. दोन्ही प्रकार कार्डिऑइड असतील आणि दोघांसमोर तुम्ही सारख्याच अंतरावर असाल, तर गाणं आणि खोली यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं. तरीही साध्या खोलीतल्या नवशिक्या गायकाला आम्ही बहुधा डायनॅमिकच सुचवतो, त्याची कारणं वेगळी आहेत. तो तोंडाशी धरून गाण्यासाठीच घडवलेला असतो, त्याच्या जाळीखाली फुंकर अडवणारा फोम असतो आणि जवळून गाताना ‘स’, ‘श’ कंडेन्सरइतके टोचत नाहीत. शिवाय तो पडझड आणि दमट हवा सोसतो. शुअर कंपनीचा एसएम५८ हा १९६६ पासून चालत आलेला नमुना याच जातीचा. सेकंडहँड घ्यायचा असेल तर यापेक्षा कमी धोक्याचा माईक आम्हाला माहीत नाही. फक्त नकली फार असल्याने तो ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावा.

डायनॅमिकचा तोटा असा, की त्याचा सिग्नल दुबळा असतो. एसएम५८ पेक्षा ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० या साध्या कंडेन्सरचा सिग्नल सुमारे १७ डेसिबलने जोरकस आहे. म्हणून डायनॅमिकला चांगला गेन देणारा, म्हणजे सिग्नल पुरेसा वाढवणारा, इंटरफेस लागतो. व्हिडिओंमध्ये सगळीकडे दिसणारा शुअर एसएम७बी एसएम५८ पेक्षाही ४-५ डेसिबलने मंद आहे आणि त्याला सुमारे ६० डेसिबल गेन लागतो. सुरुवातीच्या इंटरफेसवर तो घेऊन हळुवार गायलात, तर नॉब शेवटपर्यंत फिरवूनही आवाज अपुरा राहील आणि मागे ‘सूंऽऽ’ ऐकू येईल. पहिल्या खरेदीत तो घेऊ नका.

कंडेन्सर घ्यावा तो खोली शांत असेल आणि गायकी हळुवार, बारकाव्यांची असेल तेव्हा. कंपनीने दिलेल्या माहितीत त्याचा सेल्फ-नॉइज (माईकची स्वतःची खरखर; कमी तितकी चांगली) पाहा. एटी२०२० चा २० डेसिबल-ए (कानाच्या ऐकण्यानुसार मोजलेले डेसिबल) आहे, रोडच्या एनटी१-ए चा ५. कुजबुजत्या गाण्यात हा फरक कळतो, मोकळ्या आवाजात नाही. मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याच्या) बऱ्याच कंडेन्सरमध्ये टोकाकडून नाही, बाजूने गायचं असतं, आणि तेही बहुधा कंपनीची खूण असलेल्या बाजूने. ‘माईक लांबून बोलल्यासारखा येतो’ या तक्रारीत आम्ही पहिल्यांदा हेच विचारतो.

यूएसबी माईक, इंटरफेस, आणि ३.५ मिमीचा सापळा

फक्त एकट्याचा आवाज, तोही अधूनमधून, रेकॉर्ड करायचा असेल तर यूएसबी माईक पुरतो. हेडफोनची जोडणी माईकवरच असलेला घ्या. पुढे वाद्य जोडायचं असेल, दुसरा माईक लावायचा असेल किंवा एकच भाग बदलायचा असेल, तर त्यात वाव नाही. म्हणून वर्षभर तरी हे करत राहायचा विचार असेल तर एक्सएलआर (तीन पिनांच्या जोडणीचा) माईक आणि एक-दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या.

इंटरफेसवर चार गोष्टी पाहा: ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच कंडेन्सरला मिळणारी वीज), डायरेक्ट मॉनिटर (आपला आवाज संगणकातून न फिरवता थेट ऐकवणारी सोय), हेडफोनसाठी वेगळा आवाज-नॉब आणि कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर). १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीसाठी जादा पैसे देऊ नका. गाण्याला ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट भरपूर झालं. ४४.१ वर एका मिनिटाच्या मोनो रेकॉर्डिंगला जेमतेम ८ एमबी जागा लागते.

आता सापळा. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची पिन असलेल्या केबलसह मिळणारे स्वस्त कंडेन्सर संच. लॅपटॉपच्या माईक-जॅकमधून मिळणारा विजेचा दाब फँटमच्या ४८ व्होल्टच्या जवळपासही नसतो, आणि आतला प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) बोलण्यापुरता असतो. खऱ्या कंडेन्सरमधून मग आवाज येतच नाही, आणि त्या कमी दाबावर चालणारा आला तरी खरखर त्याच्या बरोबरीने येते. वेगळा फँटमचा डबा जोडून दाबाचा प्रश्न सुटतो, प्रीअँपचा सुटत नाही. फोनला जोडताना आणखी एक अडचण: फोनला ३.५ मिमीची जागा असली, तर ती बहुधा चार पट्ट्यांच्या पिनेची असते. तीन पट्ट्यांची पिन घातली तर फोन बाहेरचा माईक ओळखत नाही आणि मुकाट्याने स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो. खात्रीसाठी बाहेरच्या माईकवर नखाने हलकेच टिचकी मारून ऐका.

‘लाइव्ह साउंड कार्ड’ म्हणून मिळणारे रंगीत बटणांचे डबे गाण्यातच इको मिसळून रेकॉर्ड करतात. तो नंतर काढता येत नाही, म्हणून आम्ही ते ठेवत नाही.

हेडफोन आणि उशीर

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत, नाहीतर ट्रॅकचा आवाज माईकमध्ये झिरपतो. ३२ ते ८० ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) घ्या. २५० ओहमचे लहान इंटरफेसवर मंद वाजतात. ब्लूटूथ हेडफोन मिक्स ऐकायलाही फारसे कामाचे नाहीत आणि गाताना तर अजिबात नाहीत, कारण त्यांत साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर असतो.

तारेच्या हेडफोनमध्येही स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला, तर कारण बहुधा बफर, म्हणजे संगणक आवाज ज्या तुकड्यांत साठवून हाताळतो ते तुकडे. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, १,०२४ चा म्हणजे २३. येता-जाताना हे दुप्पट होतं. सर्वांत सोपा उपाय म्हणजे इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करणं आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करणं. दोन्ही चालू राहिली तर आवाज दुहेरी येतो. सूर घसरत असेल तर एक कान मोकळा ठेवून गाऊन पाहा, पण त्या बाजूचा स्पीकर डोक्याला दाबून बंद ठेवा.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करू नका. ऑडॅसिटी मोफत आहे, मॅकवर गॅरेजबँड मोफत मिळतं, आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येतं.

बजेट कसं वाटावं

माईक आणि इंटरफेस यांवर साधारण सारखाच खर्च ठेवा. एकूण रकमेचा चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा: जड बुडाचा स्टँड, ३ मीटरची एक्सएलआर केबल, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी) आणि हेडफोन त्यातून यायचे आहेत. हलका स्टँड पुढे झुकतो आणि पावलांचा धक्का माईकपर्यंत पोहोचवतो. त्यामुळे तिथे काटकसर नको.

जोडणी आणि पहिली चाचणी

गेन शून्यावर आणि फँटम बंद ठेवून केबल जोडा. कंडेन्सर असेल तरच फँटम चालू करा आणि अर्धा मिनिट थांबा. एक्सएलआर केबल नीट असेल तर चुकून चालू राहिलेल्या फँटमने डायनॅमिकचं काही बिघडत नाही. जुन्या रिबन माईकचं (आत धातूची पातळ पट्टी असलेल्या) मात्र बिघडू शकतं.

आता गाण्यातली सर्वांत जोरकस ओळ पूर्ण आवाजात म्हणा आणि मीटरवर, जिथे शून्य ही वरची मर्यादा असते, सर्वांत उंच टोक उणे १२ डेसिबलजवळ येईल असा गेन लावा. प्रत्यक्ष गाताना चाचणीपेक्षा आवाज चढतो, म्हणून ही मोकळी जागा. ‘मीटर लालच्या जवळ हवा’ हा नियम टेपच्या काळातला आहे. २४ बिटमध्ये त्याची गरज नाही, आणि एकदा शून्याला धडकून फाटलेला सूर परत जुळत नाही.

मराठीत फुंकरीची अक्षरं भरपूर आहेत: प, फ, ब, भ, आणि त्यांच्या जोडीला ख, थ, ठ. ‘फुलपाखरू’ हा एक शब्दच चाचणीला पुरेसा आहे. ‘धप्प’ असा आवाज आला तर पॉप फिल्टर माईकपासून ५ सेंमीवर ठेवा, चिकटवू नका. जाळीतून निसटलेली हवा पांगायला तेवढी जागा लागते. तरीही राहिलं तर माईक नाकाच्या उंचीवर घेऊन तोंडाकडे किंचित झुकवा. फुंकर सरळ पुढे जाते, माईकखालून निघून जाते, आणि आवाज मात्र नीट पोहोचतो. ‘स’ टोचत असेल तर माईक ३० अंश बाजूला वळवा. शब्दांचा कागद किंवा लॅपटॉप माईकच्या अगदी खाली ठेवू नका. त्यावरून उसळलेला आवाज क्षणभर उशिरा येऊन थेट आवाजाशी मिसळतो आणि गळा पोकळ लागतो.

मागे सतत ‘घूंऽऽ’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पाहा. थांबलं तर दोष माईकचा नाही, विजेच्या जोडणीतला आहे: सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा आणि इंटरफेस हबऐवजी थेट संगणकात जोडा.

काम झाल्यावर फँटम बंद करा, आणि कंडेन्सर सिलिका जेलच्या पुडीसह झाकणाच्या डब्यात ठेवा. ओलसर डायफ्रॅम तडतडतो. तडतड सुरू झालीच तर माईक उघडू नका. दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवून पुन्हा तपासा.

सल्ल्यासाठी येताना फोनवर दोन रेकॉर्डिंग करून आणा: जिथे गाणार आहात तिथली १० सेकंदांची शांतता, आणि त्याच जागी वाजवलेल्या तीन टाळ्या. फोन तोंडाच्या उंचीवर आणि तोंडाच्या जागी धरा, खोलीतलं सामान नेहमीसारखं राहू द्या.