आंबा एक, आडनावं तीन

नागपुरातल्या एखाद्या शाळेच्या हजेरीपटावर आंबेकर, मामिडवार आणि मरकाम एकाखाली एक आले, तर तिघांच्याही आडनावात आंबाच आहे. आंबे नावाच्या गावचे ते आंबेकर. तेलुगूत मामिडी म्हणजे आंबा आणि गोंडीत मरका म्हणजेही आंबाच. गोंड राजा बख्त बुलंदनं वसवलेल्या आणि पुढे भोसल्यांची राजधानी झालेल्या या शहरात आडनावाचा अर्थ लावायचा, तर आधी भाषा ठरवावी लागते.

त्यासाठी शेवटापासून सुरुवात करा. गावाच्या नावाला ‘कर’ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उमरेडकर, काटोलकर तसेच. विदर्भात मात्र नुसता ‘ए’ लावायची रीतही जोरात आहे: रामटेकचे रामटेके, वैरागडचे वैरागडे, नागपूरचे नागपुरे. अशी आडनावं बहुधा गाव सोडल्यावर चिकटतात. गावात राहणारे सगळेच त्या गावचे, मग तिथे ती ओळख सांगून उपयोग काय?

‘वार’ची गंमत वेगळी. तेलुगूत ‘वारु’ हे मानाचं बहुवचन, म्हणजे ‘मंडळी’. कोत्तपल्लीवार फोडून पाहा: कोत्त म्हणजे नवं, पल्ली म्हणजे गाव. नव्या गावची मंडळी! चंद्रपूर, सिरोंचाकडे ही आडनावं पैशाला पासरी. पण प्रत्येक ‘वार’ तेलुगू नसतो. पवार हे परमारचं झिजलेलं रूप, त्यातला ‘वार’ प्रत्यय नाहीच. लांजेवारांचं मूळ गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली लांजी.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सारख्या सुरुवातीमुळे. टेकाडे आणि टेकाम भाऊभाऊ वाटतात. टेकाडे मराठी, टेकाडावरून आलेलं. टेकाममध्ये गोंडी ‘टेका’ आहे, म्हणजे सागाचं झाड. शिवाय टेकाम, मरकाम ही कुळांची नावं आहेत. गोंडांत कुळं चार, पाच, सहा, सात देवांच्या गटांत वाटलेली असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. म्हणजे आडनाव कळलं, की लग्न जमेल की नाही याचा अर्धा निकाल लागला. जात मात्र आडनावावरून ओळखायला जाऊ नये. मेश्राम गोंडांत आहेत, बौद्धांतही आहेत.

पाळण्यातलं नाव त्या मानानं लवकर बदलतं. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर घराघरात सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, प्रज्ञा आले; आडनावं खोब्रागडे, रामटेके अशी होती तीच राहिली. त्याआधीच्या पिढ्यांत, सगळ्याच समाजांत, उकंडा, कचरू, दगडू भेटतात. मुलं जगत नसत, म्हणून पुढच्याला मुद्दाम असं नाव द्यायचं, की दृष्ट लावावीशी वाटूच नये.

स्वतःच्या आडनावाचा माग काढायचा तर आधार कार्डावरचं इंग्रजी स्पेलिंग बाजूला ठेवा. त्यात ड आणि द, ळ आणि ल एकच होऊन बसतात. शाळेचा दाखल-खारीज, म्हणजे प्रवेशाचं रजिस्टर, मग तहसिलीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, आणि जमिनीच्या हक्कांचा अधिकार अभिलेख, असं मागे मागे जा. जुन्या नोंदी कधी मोडी लिपीत असतात, आणि पुष्कळदा त्यात आडनावच नसतं. ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच लिहिलेलं असतं. अशा वेळी बाप, आजा, पणजा यांच्या नावांची साखळी मौज्याच्या, म्हणजे गावाच्या, नावाशी ताडून पाहावी. एकच नाव जुळलं तर थांबू नका, कारण त्याच गावात दुसरा उकंडाही असू शकतो.