चिपमधला तयार ब्लॉक पारखायचा कसा?

साणंदला मायक्रॉन आली, धोलेऱ्यात टाटांचा कारखाना उभा राहतोय. त्यामुळे बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, इंजिनिअरिंगला मूल असलेल्या मराठी घरांत चिपचा विषय निघतोच. पण बोलणं कारखान्यांपाशीच थांबतं. डिझाइनचं काम, आणि त्यातही तयार ब्लॉक पारखण्याचं, कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही.

मोठी चिप हल्ली कुणी पहिल्यापासून आखत नाही. प्रोसेसर, यूएसबी, मेमरी कंट्रोलर असे भाग विकत घेतात किंवा आधीच्या चिपमधून उचलतात. हे आयपी (बौद्धिक संपदा) ब्लॉक. एका चिपमध्ये चालला म्हणून तो दुसरीतही चालेल, असं मात्र नाही.

फिफो घ्या. वेगवेगळ्या क्लॉकवर, म्हणजे ठोक्यांवर, चालणाऱ्या दोन भागांमधली ही डेटाची रांग. रांग कुठवर भरली, तो आकडा पलीकडे कळवावा लागतो. साध्या बायनरीत 7 नंतर 8 येताना 0111 चे 1000 होते, चारही बिट बदलतात. पलीकडच्या क्लॉकने नेमक्या त्याच क्षणी आकडा टिपला, तर काही बिट जुने, काही नवे हाती लागतात. म्हणून ग्रे कोड वापरतात. त्यात दर पावलाला एकच बिट बदलतो. रांग 16 जागांची असेल तर 15 वरून 0 वर येतानाही 1000 (ग्रे कोडमधला 15) चे 0000, एकच बिट.

हाच ब्लॉक दुसऱ्या कुणी 12 जागांसाठी लावला, तर? 11 वरून 0 वर येताना 1110 चे 0000, तीन बिट एकदम! नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चाचणीत, ते एकाच क्षणी बदलतात, म्हणून चूक दिसत नाही. खऱ्या चिपमध्ये ते किंचित मागेपुढे होतात आणि डेटा अधूनमधून बिघडतो.

म्हणून ‘कव्हरेज 100 टक्के’ एवढ्यावर मी समाधान मानणार नाही. ब्लॉकच्या डिझाइन-कोडची प्रत्येक ओळ चाचणीत चालली, हे त्यातून कळतं. कोणत्या सेटिंगवर चालली, हे विचारावंच लागतं. क्लॉक ओलांडणाऱ्या सिग्नलांची वेगळी तपासणी झाली का? 12 चालत नसेल, तर कागदपत्रांत तसं लिहिलंय का? 1996 साली सुरू झालेल्या व्हीएसआय अलायन्स या चिप उद्योगातल्या कंपन्यांच्या संघटनेने असल्या प्रश्नांची गुण देणारी मोठी यादीच केली. तिच्यावरून 2011 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेचं 1734 हे मानक आलं.

‘सिलिकॉनवर सिद्ध’, म्हणजे प्रत्यक्ष चिपमध्ये चाललेला, हा शिक्काही असाच तपासून घ्यावा. लेआउटसकट, म्हणजे चिपवरच्या प्रत्यक्ष आखणीसकट, मिळणारा ब्लॉक एका ठरावीक फॅब्रिकेशन प्रक्रियेसाठीच बनलेला असतो. प्रक्रिया बदलली की टायमिंग, वीजवापर सगळं पुन्हा मोजावं लागतं.